क्रिएटिनिनच्या आधी

पुण्याहून सुटलेली लोणावळा लोकल पिंपरी सोडते, चिंचवड आणि आकुर्डी घेते आणि देहूरोडला थांबते. देहूरोड म्हटलं की बहुतेकांना लष्कराचा डेपो, कॅन्टोन्मेंट आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केलेला विहार आठवतो. त्याच वर्षी, १० मार्चला, तीन स्टेशनं अलीकडे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली होती. आसपासची माणसं तिला नुसतं ‘एचए’ म्हणत. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या सरकारी कारखान्यातून १९५५ पासून देशी पेनिसिलिन बाहेर पडू लागलं, पुढे स्ट्रेप्टोमायसिनही आलं. क्षय म्हणजे मरण हे समीकरण ज्या औषधाने मोडलं, त्याच्या बाटल्या या रेल्वेमार्गाच्या कडेला भरल्या जाऊ लागल्या.

या औषधांनी किती जीव वाचवले याची मोजदाद करणं अवघड आहे. पण स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातल्या औषधांना एक खोड आहे आणि हे प्रकरण तिच्याविषयी आहे. स्ट्रेप्टोमायसिन मुख्यतः कानाला इजा करतं. १९६३ मध्ये आलेला त्याचा भाऊबंद जेंटामायसिन कानाबरोबर मूत्रपिंडालाही इजा करतो. जंतू मरतो, ताप उतरतो, रुग्ण उठून बसतो आणि आठवडाभराने रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनचा आकडा वाढलेला दिसतो. तोवर मूत्रपिंडाचं बरंच काही होऊन गेलेलं असतं.

ते ‘बरंच काही’ आधी कसं ओळखायचं, हा प्रश्न औषधशास्त्राने गेली अनेक दशकं पांढऱ्या उंदरांना विचारला आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याचं चांगलं उत्तर मिळालं. ते उत्तर उंदरांच्या प्रयोगशाळेत रुळलं, माणसाच्या दवाखान्यात मात्र पुरतं पोचलेलं नाही.

आधी मूत्रपिंडच का, ते पाहू. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे हे दोन अवयव. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव त्यांच्या बारीक केशिकागुच्छांतून गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत शोषून घेतला जातो. पाणी परत घेतलं की मागे राहिलेला विषारी पदार्थ नलिकेत दाट होत जातो. रक्तात जे विष निरुपद्रवी म्हणावं इतकं पातळ होतं, ते नलिकेच्या पेशींना कितीतरी पट तीव्रतेने भेटतं.

जेंटामायसिनचं तर याहून विचित्र आहे. गाळलेल्या द्रवातली प्रथिनं वाया जाऊ नयेत म्हणून नलिकेच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी आपल्या पृष्ठभागावर मेगॅलिन नावाचा एक ग्राहक रेणू बाळगतात. हा मेगॅलिन जेंटामायसिनलाही पकडून आत घेतो. आत गेलेलं औषध पेशीच्या पचनपिशव्यांमध्ये, म्हणजे लायसोसोममध्ये, साठत राहतं. तिथल्या स्निग्ध पदार्थांचं विघटन अडतं, पिशव्या फुगतात, फुटतात आणि पेशी मरते. शरीरात इतरत्र औषधाची पातळी खाली आली तरी मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात ते दिवसेंदिवस टिकून असतं.

यातूनच एक उपयोगी गोष्ट निघाली. मेगॅलिनची पकडण्याची क्षमता मर्यादित आहे. म्हणून दिवसाचा सगळा डोस एकदम दिला तर बराचसा निसटून लघवीवाटे निघून जातो. तोच डोस थोडा थोडा दिवसभर दिला तर जास्त साठतो. उंदीर आणि कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे १९७० च्या दशकात दिसलं, पुढे माणसांतही तपासलं गेलं आणि आज अनेक रुग्णालयांत ही इंजेक्शनं दिवसातून एकदाच देतात. प्राण्यांवरच्या प्रयोगाने माणसाचं थेट भलं केल्याचं इतकं सरळ उदाहरण क्वचित सापडतं.

आता क्रिएटिनिनकडे. स्नायूंच्या रोजच्या व्यवहारातून तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडं बाहेर टाकतात. तो मोजण्याची युक्ती जर्मनीतल्या माक्स याफे यांच्या १८८६ मधल्या निरीक्षणावर उभी आहे. क्षारयुक्त द्रावणात पिक्रिक आम्लाशी क्रिएटिनिनचा संयोग झाला की नारिंगी रंग येतो आणि रंग जितका गडद तितकं क्रिएटिनिन जास्त. एका शतकाहून जुनी ही रीत सुधारित रूपात आजही गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये चालते. ती स्वस्त आहे, झटपट आहे आणि तिच्या आधारावर लाखो रुग्णांचं निदान झालं आहे. तिचा दोष वेगळाच आहे: ती उशिरा बोलते.

माणसाच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि नलिका मिळून झालेले सूक्ष्म घटक, असतात, उंदराच्या मूत्रपिंडात तीसेक हजार. एखाद्या कारखान्यात निम्मे कामगार आजारी पडले आणि उरलेल्यांनी ओव्हरटाइम करून उत्पादन पूर्ण केलं, तर महिनाअखेरच्या आकड्यात काहीच दिसत नाही. तसंच इथे होतं. काही नेफ्रॉन मेले की उरलेले जास्त काम ओढतात. आपल्या आप्ताला एक मूत्रपिंड दान केलेली माणसं याची जिवंत साक्ष आहेत. निम्मा ऐवज देऊन टाकल्यावरही त्यांचं क्रिएटिनिन थोडंसंच वाढतं आणि ती वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात. दात्यासाठी हे वरदान आहे. औषधाची सुरक्षितता तपासणाऱ्यासाठी हीच अडचण आहे, कारण साधारण निम्मी क्षमता जाईपर्यंत रक्तातला आकडा ‘नॉर्मल’ च्या कंसात बसून राहू शकतो. शिवाय तो माणसाच्या स्नायूंवर अवलंबून असतो. कृश म्हाताऱ्या बाईचं क्रिएटिनिन मुळातच इतकं कमी असतं की तिचं मूत्रपिंड खालावलं तरी रिपोर्ट निर्धास्त दिसतो.

औषध माणसाला देण्यापूर्वी प्राण्यांत तपासायचं, हा नियमसुद्धा मूत्रपिंडांच्या मोठ्या बळीनंतर आला. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं गोड पातळ औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकलं गेलं आणि शंभराहून अधिक माणसं मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यांत कितीतरी लहान मुलं होती. विकण्याआधी कोणी ते साध्या उंदरालाही पाजून पाहिलं नव्हतं. मागाहून शिकागो विद्यापीठात उंदीर, ससे आणि कुत्र्यांवर प्रयोग करून दोषी घटक पक्का झाला आणि १९३८ मध्ये नवा कायदा आला.

आपल्याकडे तेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनच्या रूपाने आलं. चौदा रुग्ण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध-खरेदीची सगळी साखळी उघडी केली. २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या ज्या मुलांची मूत्रपिंडं खोकल्याच्या सिरपने निकामी झाली, त्यांतल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणावं लागलं. या दोन्ही घटनांत रसायन जुनंच होतं, त्याचा गुणधर्मही ठाऊक होता. चुकली ती शुद्धतेची तपासणी. उंदरावरचा प्रयोग नव्या रेणूचा स्वभाव सांगतो. बाटलीत खरोखर काय भरलं आहे, हे दुसऱ्या प्रयोगशाळेला रोज तपासावं लागतं.

पुणे जिल्ह्यात उंदरांवरच्या अशा चाचण्यांचं काम चालतं, याची पिंपरी-चिंचवडकरांना फारशी कल्पना नसते. मुळशी तालुक्यात उरवड्याला विषशास्त्रीय चाचण्या करणारी ‘इन्टॉक्स’ ही संस्था आहे, तर त्याच तालुक्यात नांदे येथे ‘ल्युपिन’चं संशोधन केंद्र आहे. अशा चाचणीशाळांवर २००२ पासून राष्ट्रीय पातळीवरचं एक प्राधिकरण देखरेख ठेवतं आणि २०११ पासून भारत आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या परस्परमान्यतेच्या व्यवस्थेत पूर्णपणे सामील आहे. म्हणजे इथे नियमानुसार झालेली चाचणी युरोपात किंवा जपानमध्ये पुन्हा करावी लागत नाही. तेवढे प्राणी वाचतात, हा या कराराचा कमी बोलला जाणारा फायदा.

अशा चाचणीत नेमकं काय होतं? आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार अठ्ठावीस दिवसांच्या अभ्यासात प्रत्येक गटात किमान पाच नर आणि पाच माद्या असतात. कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन डोसांचे तीन गट आणि औषध न मिळणारा चौथा, म्हणजे कमीत कमी चाळीस उंदीर. नव्वद दिवसांच्या अभ्यासात ऐंशी. हे घराच्या माळ्यावरचे उंदीर नव्हेत. विस्टार किंवा स्प्रेग-डॉले या वंशांचे, पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत वाढवलेले, पांढऱ्या केसांचे आणि लाल डोळ्यांचे हे प्राणी असतात. खोलीचं तापमान २२ अंशांच्या आसपास, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार. खाणं, पाणी, तळाशी अंथरायचा भुसा, सगळं ठरलेलं, कारण यातलं काहीही बदललं तर मूत्रपिंडाचे आकडेही हलतात.

लघवी गोळा करण्यासाठी उंदराला ‘मेटाबॉलिक केज’मध्ये ठेवतात. हा जाळीच्या तळाचा पिंजरा असतो. जाळीखाली नरसाळं असतं आणि त्याची रचना अशी की लेंड्या एका बाजूला घसरतात, लघवी दुसऱ्या नळीत उतरते. रात्रभर ठेवलं की सकाळी हाताशी काही मिलीलिटर लघवी येते, कारण पूर्ण वाढ झालेला उंदीरसुद्धा दिवसाला दहा-वीस मिलीलिटरच देतो. नळी बर्फात ठेवावी लागते. खोलीच्या तापमानाला जंतू वाढतात आणि जी प्रथिनं मोजायची तीच विघटित होतात. खाण्याचा चुरा किंवा लेंडीचा कण पडला तर नमुना खराब. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळ वेगळा करायचा, वरची स्वच्छ लघवी लहान लहान कुप्यांत वाटायची आणि उणे ८० अंशांना गोठवायची. कोणत्या उंदराने किती पाणी प्यायलं यावर लघवी दाट की पातळ ते ठरतं, म्हणून प्रत्येक निदर्शकाचा, म्हणजे इजेची खूण देणाऱ्या पदार्थाचा, आकडा त्याच लघवीतल्या क्रिएटिनिनने भागून लिहितात. रक्तात उशिरा बोलणारं क्रिएटिनिन इथे मापाचा दगड म्हणून उपयोगी पडतं.

या पिंजऱ्यात उंदीर एकटा असतो आणि पायाखाली भुसा नसतो. उंदीर कळपाने राहणारा प्राणी आहे, त्याला हे आवडत नाही. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा त्याला आधी थोडा थोडा वेळ तिथे ठेवून सवय करतात आणि लागेल त्याहून जास्त वेळ अडकवून ठेवत नाहीत. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे आणि प्रत्येक संस्थेत नैतिकता समितीची मंजुरी घेतल्याशिवाय एकही उंदीर वापरता येत नाही. किती प्राणी, का, आणि कमी का चालणार नाहीत, याचं उत्तर कागदावर द्यावं लागतं.

अभ्यासाच्या शेवटी प्राण्याला वेदनारहित मृत्यू दिला जातो. मूत्रपिंडाचं वजन होतं, ते फॉर्मालिनमध्ये बुडवलं जातं, मेणात बसवलं जातं आणि मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात. रंगवलेल्या कापांकडे पॅथॉलॉजिस्ट तासन्‌तास पाहतो. नलिकेतल्या पेशींची केंद्रकं नाहीशी झाली आहेत का, कडा झिजल्या आहेत का, नळीत मृत पेशींचे साचे अडकले आहेत का, नव्या पेशी भरून येत आहेत का. मूत्रपिंडाच्या इजेबद्दलचा शेवटचा शब्द आजही या डोळ्यांचा आहे. पण त्यात एक कटू मर्यादा आहे: काप बघायचा तर प्राणी मारावा लागतो. तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी काय झालं हे जाणायचं तर तीन तुकड्या माराव्या लागतात. आणि माणसाच्या बाबतीत तर असा काप पुन्हा पुन्हा मागायची सोयच नाही.

म्हणून लघवीत शोध सुरू झाला.

१९९८ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ताकाहारू इचिमुरा आणि जोसेफ बॉनव्हेंटर यांच्या गटाने उंदराच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू केला आणि कोणती जनुकं अचानक जागी होतात ते पाहिलं. एक प्रथिन असं निघालं की निरोगी मूत्रपिंडात त्याचा मागमूस नाही आणि इजेनंतर नलिकेच्या पेशींवर ते भरभरून दिसतं. त्याला ‘किडनी इंज्युरी मॉलिक्यूल-१’, थोडक्यात ‘किम-१’, म्हटलं गेलं. पेशीच्या पृष्ठभागाबाहेर असलेला त्याचा भाग तुटून लघवीत पडतो आणि तिथे टिकून राहतो. पुढे याच गटाने दाखवलं की हे प्रथिन वाचलेल्या पेशींना शेजारच्या मेलेल्या पेशी गिळून साफ करायला मदत करतं. लघवीत सापडणारा तुकडा नलिकेला झालेल्या इजेची खूण आहे.

चाचणीतली त्याची ताकद इथे आहे: क्रिएटिनिन मूत्रपिंडाचं काम मोजतं, किम-१ इजा मोजतं. काम उशिरा घटतं, इजा आधी होते. जेंटामायसिन दिलेल्या उंदरांत रक्तातलं क्रिएटिनिन शांत असतानाच, काही दिवस आधी, लघवीतलं किम-१ चढायला लागतं. कापात जी इजा अजून मोजक्या नलिकांपुरती असते, तिचीही खबर मिळते.

औषध कंपन्या सहसा एकमेकींना आपली माहिती दाखवत नाहीत. या बाबतीत मात्र त्या एकत्र आल्या. अमेरिकेतल्या क्रिटिकल पाथ इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने कंपन्यांचा एक गट तयार झाला, सगळ्यांनी आपापल्या उंदीर-अभ्यासांचे नमुने आणि आकडे पुढे ठेवले आणि २००८ मध्ये अमेरिका व युरोपच्या औषध नियामकांनी लघवीतल्या सात निदर्शकांना उंदरांवरच्या चाचण्यांसाठी मान्यता दिली. किम-१, क्लस्टेरिन, अल्ब्युमिन, एकूण प्रथिन, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, सिस्टाटिन-सी आणि ट्रेफॉइल फॅक्टर-३ हे ते सात. काही नलिकेची इजा सांगतात, काही गाळणीची. २०१० मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ने या विषयावर एकामागोमाग एक शोधनिबंध छापले. त्यांतल्या एकाचे प्रथम लेखक बॉनव्हेंटर यांचे सहकारी विशाल वैद्य होते आणि त्या निबंधाने कापाशी ताडून दाखवलं की नलिकेच्या इजेचा छडा लावण्यात किम-१ हे युरिया आणि क्रिएटिनिन या दोघांनाही मागे टाकतं.

नियामकांच्या या मान्यतेने उंदरांचाही भार हलका केला. लघवी पुन्हा पुन्हा घेता येते, त्यासाठी प्राणी मारावा लागत नाही. एकाच उंदराचा पहिल्या दिवसापासूनचा आलेख मिळाला की प्रत्येक टप्प्याला नवी तुकडी लागत नाही. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये प्राणिप्रयोगांसाठी तीन तत्त्वं मांडली होती: प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. त्यातलं दुसरं तत्त्व इथे थोड्या लघवीने साधलं.

उंदीर म्हणजे लहान माणूस असं समजणं मात्र महागात पडतं. नर उंदराचं यकृत आल्फा-२-यू ग्लोब्युलिन नावाचं एक प्रथिन बनवतं, जे मादी उंदरात किंवा माणसात त्या प्रकारे नसतं. संत्र्याच्या सालीच्या तेलातलं लिमोनीन त्याला चिकटतं, थेंबाथेंबाने नलिकेत साठतं आणि नरांची मूत्रपिंडं बिघडतात. दीर्घ अभ्यासांत गाठीही होतात. माद्यांना काही होत नाही. १९९१ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरवलं की या मार्गाने झालेल्या गाठी माणसाच्या धोक्यात धरायच्या नाहीत. संत्र्याचं सरबत पिणाऱ्या नागपूरकरांनी त्यामुळे काळजी करायचं कारण नाही.

उलट दिशेची चूक फार मोठी होती आणि तिची किंमत आपल्या आकाशाने मोजली. डायक्लोफिनॅक हे पाठदुखीवरचं ओळखीचं औषध. गुरांच्या दुखण्यावरही ते दिलं जाऊ लागलं. उंदरांत, गुरांत, माणसांत ते तपासलेलं होतं. गिधाडात कोणीच तपासलं नव्हतं. औषध दिलेलं जनावर मेलं की त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं एक-दोन दिवसांत बंद पडत. पक्ष्यांचं शरीर नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपात टाकतं. मूत्रपिंड थांबलं की हे आम्ल रक्तात वाढतं आणि हृदयावर, यकृतावर खडूसारखा पांढरा थर बसतो. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून कारण उघड झालं तोवर भारतातली बहुतेक गिधाडं गेली होती. २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. त्याच वर्षी बंदिस्त गिधाडांच्या रक्तातलं युरिक आम्ल मोजत मोजत मेलॉक्सिकॅम सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं. क्रिएटिनिनचा इथे उपयोगच नव्हता. पक्ष्यासाठी पक्ष्याचाच निदर्शक लागला. रायगडच्या म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला उरलेल्या गिधाडांची घरटी गावकऱ्यांनी जपली आणि २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबाच्या जंगलात गिधाडं पुन्हा आणली गेली, तेव्हा या रक्तचाचण्यांचा त्यात वाटा होता.

पुन्हा पिंपरीकडे येऊ. एचएच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने मातीतल्या जिवाणूंचा कसून शोध घेतला. पिंपरीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ या जिवाणूपासून त्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवलं. ते अँफोटेरिसिन-बी च्या कुळातलं आहे आणि या कुळाचं नाव २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलं. कोविडनंतरच्या म्युकरमायकोसिसमध्ये अँफोटेरिसिनसाठी नातेवाईक गावोगाव फिरले, वर्ध्यात घाईने उत्पादन सुरू झालं. साधं अँफोटेरिसिन बुरशीच्या पेशीपटलाला भोकं पाडतं आणि तसंच थोडंफार नलिकेच्या पेशींनाही. स्निग्ध आवरणातलं लायपोसोमल इंजेक्शन मूत्रपिंडाला जपतं, पण महाग आणि त्या वेळी दुर्मीळ. म्हणून वॉर्डात रोज-दिवसाआड क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहत, सलाइन चढवत, आकडा चढला की डोस थांबवत उपचार झाले. डॉक्टरांच्या हातात याहून आधी बोलणारं काही नव्हतं. प्रयोगशाळेतल्या उंदराला तेच औषध दिलं असतं, तर त्याची खबर किम-१ ने आधीच दिली असती.

ही विषमता खटकायला हवी. माणसांसाठी काहीच झालं नाही असं नाही. २००५ मध्ये सिनसिनाटीत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांच्या लघवीत एनगॅल नावाचं प्रथिन मोजलं गेलं. ज्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाली होती त्यांच्यात ते दोन तासांत वाढलं, क्रिएटिनिनला त्यासाठी एक ते तीन दिवस लागले. २०१८ मध्ये अमेरिकी नियामकांनी निरोगी स्वयंसेवकांवरच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्यांसाठी सहा निदर्शकांचा संच मान्य केला. २०२३ च्या शेवटी मुलांसाठी एनगॅलच्या एका चाचणीला तिथे परवानगी मिळाली. पण अतिदक्षता विभाग आणि औषधचाचण्या यांच्याबाहेर, रोजच्या ओपीडीत, सगळा भार अजून याफे यांच्या नारिंगी रंगावरच आहे.

देहूरोडच्या संदर्भात हे जास्त जाणवतं, कारण इथली माणसं ज्या पट्ट्यात कामाला जातात तो मूत्रपिंडावर डोळा ठेवण्याजोगा आहे. विकासनगर, किवळे, देहूरोड बाजार इथून पहाटेच्या बसेस भोसरी, तळवडे, तळेगाव, चाकणकडे जातात. वाहनांच्या सुट्या भागांच्या या दुनियेत प्लेटिंगच्या टाक्या आहेत, बॅटऱ्या आहेत, ब्रेझिंग आहे. सहा संयुजेचं क्रोमियम, कॅडमियम, शिसं या तिन्हींचा मूत्रपिंडाच्या नलिकेशी जुना वैरभाव आहे. यातला कॅडमियम तर एकदा नलिकेत बसला की दशकं हलत नाही. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेल्या कॅडमियमने भात दूषित झाला, बायकांची हाडं ठिसूळ झाली, मूत्रपिंडं गेली. त्या आजाराने जगाला बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचं महत्त्व शिकवलं. निरोगी नलिका हे छोटं प्रथिन जवळजवळ पूर्ण परत शोषून घेते. ते लघवीत वाढलं म्हणजे नलिका थकली. उंदरांच्या सात निदर्शकांच्या यादीत हेच नाव आहे. अमेरिकेच्या १९९२ च्या कॅडमियम नियमावलीत कामगारांच्या लघवीत ते मोजणं बंधनकारक केलेलं आहे.

इथल्या कामगाराच्या वार्षिक तपासणीत सहसा रक्तदाब, साखर, छातीचा एक्स-रे, कानांची तपासणी आणि फार तर क्रिएटिनिन असतं. संध्याकाळी कंबर दुखते म्हणून मेडिकलच्या दुकानातून डायक्लोफिनॅकची पट्टी घेतली जाते. मे महिन्यात भट्टीजवळ घाम गाळून आणि पाणी कमी पिऊन आलेल्या माणसात ही गोळी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह आणखी आक्रसून टाकते, कारण त्या वेळी तो प्रवाह ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांच्या आधारावर चाललेला असतो, तीच ही गोळी बंद करते. क्रिएटिनिन त्याची खबर लगेच देईलच असं नाही.

किम-१ चे किट महाग आहेत, प्रत्येक कामगारासाठी ते मागणं आज व्यवहार्य नाही. लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण काढणं मात्र स्वस्त आहे आणि शहरातल्या कोणत्याही चांगल्या लॅबमध्ये होतं. मधुमेहींसाठी ते सांगितलंच जातं. प्लेटिंग आणि बॅटरी विभागातल्या माणसांसाठी त्याच्या जोडीला बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ठेवता येतं. ते आम्लधर्मी लघवीत लवकर नष्ट होतं, म्हणून नमुना घेतानाच लघवीचा सामू तपासून ती थोडी क्षारीय करावी लागते.

उंदरांची बाजूही बदलते आहे. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने औषधचाचणीतली प्राण्यांची कायदेशीर सक्ती काढली आणि मार्च २०२३ मध्ये भारतानेही नव्या औषधांच्या नियमांत प्राण्यांविना होणाऱ्या पद्धतींना जागा दिली. माणसाच्या नलिकेच्या पेशी काचेच्या पट्टीएवढ्या चिपवर वाढवून, त्यांच्यावरून द्रव वाहता ठेवून, त्यात औषध सोडून पाहण्याचे प्रयोग अनेक ठिकाणी चालू आहेत. त्या चिपमधून बाहेर पडणाऱ्या थेंबांत संशोधक जे मोजतात, त्यात पुन्हा किम-१ आहे. या वेळी ते माणसाच्या पेशींनी सोडलेलं असतं.